संगणकाच्या नित्याच्या अडचणी : फवारणीपूर्वी निदान

दिनांक ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या संगणकात बिघाड झाला. शोध घेता घेता यंत्र चालवणारे ७० क्रमांकाच्या रिलेपर्यंत पोहोचले, तेव्हा तेथे एक पतंग अडकलेला आढळला. त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावर डकवला आणि शेजारी वेळ, जागा व एक मिस्कील शेरा लिहिला. ती नोंदवही आज स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे कीडा म्हणण्याची रीत मात्र त्याहून जुनी आहे. एडिसनने १८७८ मधील एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरला होता.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला या प्रसंगात पतंगापेक्षा त्या माणसांची कार्यपद्धती अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनी दोषाची नेमकी जागा शोधली, पुरावा जपला आणि तारीख-वेळेसह नोंद केली. एकात्मिक कीड व्यवस्थापनात आपण शेतकरी बांधवांना हेच सांगत असतो : आधी निरीक्षण, मग ओळख, मग सौम्य उपाय आणि अगदी अखेरीस रासायनिक फवारणी. संगणक बिघडला की मात्र आपणच हा क्रम विसरतो आणि पहिल्याच दिवशी ‘फॉरमॅट मारून टाका’ असे म्हणून मोकळे होतो.

हे आपल्या कामाचे का?

महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प राबवला जात आहे. शेतात घेतलेल्या नोंदी संगणकात भरल्या जातात, त्यांवरून तज्ज्ञ सल्ला ठरवतात आणि तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति कामगंध सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. हा निर्णय अखेर काही आकड्यांवर अवलंबून आहे. आकडा चुकला, उशिरा पोहोचला किंवा नाहीसा झाला, तर फवारणीची योग्य वेळ टळते किंवा अनावश्यक फवारणी होते.

माझ्या परिचयातील एका कार्यालयात ऐन खरिपात संगणक चालता चालता आपोआप बंद पडू लागला. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने तो फॉरमॅट केला. कागदी प्रपत्रे नोंदी भरून झाल्यावर रद्दीत गेली होती आणि दुसरी प्रत कोठेच नव्हती. अनेक आठवड्यांच्या सापळ्यांच्या नोंदी गेल्या. तिसऱ्या दिवशी संगणक पुन्हा बंद पडला. पेटी उघडली तेव्हा आतील पंख्यावर धुळीचा थर साचलेला दिसला. दोष उष्णतेचा होता, उपाय दोन रुपयांच्या ब्रशचा होता आणि किंमत मात्र हंगामभराच्या नोंदींची मोजावी लागली. पुढल्या वर्षी पतंगांची संख्या कोणत्या आठवड्यात वाढू लागली याची तुलना करायला हाताशी काहीच उरले नव्हते.

निदानाची पाच सूत्रे

१. संगणकाने दाखवलेला संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा मोबाईलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. ‘काहीतरी आले होते’ एवढ्यावर निदान होत नाही.

२. ‘काल चालत होता, आज चालत नाही’ असे असेल, तर या दोहोंच्या मध्ये काय बदलले ते आठवावे. नवा प्रिंटर, नवी प्रणाली, वीज जाणे, जागा बदलणे या सर्वांची नोंद घ्यावी.

३. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. प्रयोगाच्या वाफ्यात खत, वाण व पाणी एकाच वेळी बदलले, तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही. येथेही तसेच आहे.

४. सोप्यापासून सुरुवात करावी : तारा नीट बसल्या आहेत का, भिंतीवरील बटण चालू आहे का, मॉनिटरचा स्वतंत्र दिवा लागतो का. त्यानंतर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा.

५. कोणत्याही मोठ्या उपायापूर्वी फाइलींची प्रत काढून घ्यावी. ज्याचा परिणाम मागे फिरवता येत नाही असा उपाय शेवटी.

संगणक मंदावला असेल तर

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी कोणता रकाना सतत शंभर टक्क्यांजवळ आहे ते पाहावे. मेमरीचा रकाना भरलेला असेल, तर एकाच वेळी उघडलेल्या ब्राउझरच्या अनेक खिडक्या बंद कराव्यात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा रकाना सतत भरलेला असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जुन्या संगणकालाही लक्षणीय वेग येतो. नवा संगणक घेण्याआधी या पर्यायाचा विचार करावा.

टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ हा विभाग आहे. संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे कार्यक्रम तेथे दिसतात. त्यांतील अनावश्यक बंद करावेत. विषाणूरोधक प्रणालीला हात लावू नये. ज्या कार्यक्रमाचे काम आपल्याला ठाऊक नाही, तो आधी ओळखावा. मित्रकीटक समजून न घेता सरसकट मारण्याची चूक येथे करू नये.

मुख्य ड्राइव्हमध्ये दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ विभागातून तात्पुरत्या फाइली काढता येतात. मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हा फोल्डरही असतो. पुष्कळांची महत्त्वाची परिपत्रके तेथेच पडून असतात. म्हणून त्यासमोरची खूण तपासल्यावाचून पुढे जाऊ नये.

आपोआप बंद पडणे, उष्णता आणि कीटक

काम वाढले की पंख्याचा आवाज वाढतो आणि काही वेळाने संगणक बंद होतो, हे अतिउष्णतेचे लक्षण आहे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. त्याच्या खालच्या झरोक्यांतून हवा आत जाते. मेजावरील संगणकाची पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये. वर्षातून दोन वेळा, वीजपुरवठा तोडून, मऊ ब्रशने किंवा हलक्या हवेने धूळ काढावी. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर तो वेगाने फिरून खराब होऊ शकतो. वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र घरी उघडू नये. तार काढल्यानंतरही तिच्यात धोकादायक विद्युतभार साठलेला असू शकतो.

आता थोडे आमच्या विषयाचे. बेंगळुरूला पावसाच्या तोंडावर मुंग्या कोरडी, उबदार जागा शोधत कार्यालयांत शिरतात. संगणकाची पेटी त्यांना आणि झुरळांनाही सोयीची असते : ऊब, अंधार आणि अंगाला दोन्ही बाजूंनी स्पर्श करणाऱ्या अरुंद फटी. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ‘टॉनी क्रेझी अँट’ या परक्या मुंगीने विद्युत उपकरणांचे मोठे नुकसान केले आहे. विजेच्या धक्क्याने मरणाऱ्या मुंगीकडून धोक्याचा गंध सुटतो, त्या गंधाने इतर मुंग्या तेथे धावतात आणि मृत मुंग्यांचा ढीग साचून संपर्क बिघडतो.

अशा वेळी संगणकात कीटकनाशक फवारू नये. फवाऱ्यातील द्रावक व वायू पेट घेऊ शकतात आणि द्रवामुळे परिपथ बिघडतात. मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावी, म्हणजे त्यांचा गंधमार्ग नाहीसा होतो. झुरळांसाठी जेल स्वरूपातील आमिष संगणकापासून दूर, भिंतीच्या कोपऱ्यात व कपाटामागे लावावे. चहाचा कप आणि बिस्किटाचा पुडा मेजावरून हलवणे हा यातील मशागतीय उपाय. तो सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ.

घड्याळ चुकते आणि संकेतस्थळे उघडत नाहीत

इंटरनेट चालू आहे, तरी प्रत्येक संकेतस्थळ ‘आपली जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देते. अशा वेळी आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व समाप्तीची तारीख असते. संगणकाची तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर ते प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेले नसते. तारीख दुरुस्त केली की अडचण दूर होते.

वीज गेल्यानंतर दर वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपलेला आहे. बहुतेक मेजावरील संगणकांत तो ‘सीआर २०३२’ या नावाचा, ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख बरोबर असूनही एखाद्याच संकेतस्थळावर इशारा येत असेल, तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा आणि तेथे आधार क्रमांक किंवा बँकेची माहिती भरू नये.

मराठी अक्षरांचा गोंधळ

महाराष्ट्रातून येणारा एखादा अहवाल येथे उघडला की मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. ती श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असते. या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने साठवलेली अक्षरे रोमनच असतात, फक्त त्यांना देवनागरीचा वेश चढवलेला असतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की वेश गळून पडतो. युनिकोडमध्ये ‘क’चा संकेत सर्वत्र ‘क’चाच असतो. म्हणून नवे सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे. जुना मजकूर परिवर्तकाने बदलून घेता येतो; मात्र त्यानंतर जोडाक्षरे, रफार आणि आकडे डोळ्यांखालून घालावेत. कीटकनाशकाच्या मात्रेतील एक दशांश चिन्ह हरवले तरी अनर्थ होतो.

विंडोजच्या भाषा-सेटिंग्जमधून मराठी जोडल्यावर इनस्क्रिप्ट व उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक मिळतात. विंडोजचे बटण व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते.

आणखी एक धोका आहे. एक्सेलमधील मराठी मजकूर साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात साठवला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. फाइल एकदा बंद केली की गेलेली अक्षरे परत मिळत नाहीत. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. संकेतस्थळावरून उतरवलेल्या अशा फाइलीत अक्षरे विचित्र दिसत असतील, तर ती दोन टिचक्यांनी न उघडता एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ या मार्गाने आणावी आणि मूळ संकेतनात ‘६५००१ : युनिकोड यूटीएफ-८’ निवडावे.

एक्सेलमधील न दिसणाऱ्या चुका

संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. एक्सेलची चूक अनेकदा शांतपणे होते. क्षेत्रीय कर्मचाऱ्याने ‘२ ते ३ अळ्या’ या अर्थाने इंग्रजी अंकांत ‘२-३’ असे भरले, तर एक्सेल त्याचा अर्थ २ मार्च असा लावते. ही नोंद २०२५ मध्ये केली असेल, तर त्या चौकटीत प्रत्यक्षात ४५,७१८ हा अंक साठतो, कारण एक्सेल तारखांना अनुक्रमांक देते. सरासरी काढताना हाच अंक मोजला जातो. जनुकांच्या नावांचीही अशीच तारीख होत असल्याने मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही नावेच बदलली. आपल्याला नावे बदलण्याची गरज नाही. अळ्यांच्या संख्येसाठी एकच पूर्णांक भरावा आणि किमान-कमाल संख्या हवी असेल, तर दोन वेगळे रकाने करावेत.

तारीख लिहिताना ‘५-६’ म्हणजे ५ जून की ६ मे, हे त्या त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरते. सर्व संगणकांवर भारताचे सेटिंग ठेवावे आणि देवाणघेवाणीच्या फाइलीत वर्ष-महिना-दिवस हा क्रम वापरावा.

लाभार्थ्यांच्या यादीत बँक खाते क्रमांक भरण्यापूर्वी तो रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारचा करावा. तसे न केल्यास आरंभीचे शून्य गळते. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राखते. सोळावा अंक व त्यापुढचे अंक शून्य होतात. अनुदान थांबलेल्या शेतकऱ्याला या शून्याचा पत्ता कधीच लागत नाही.

शून्य आणि रिकामी चौकट यांतही भेद आहे. सापळा पाहिला आणि पतंग नव्हता, तर ‘०’ लिहावे. सापळा पाहिलाच नाही, तर चौकट रिकामी ठेवावी. सरासरी काढताना एक्सेल शून्य मोजते आणि रिकामी चौकट वगळते. न पाहिलेल्या सापळ्यांपुढे शून्य भरत गेल्यास प्रादुर्भाव आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

फाइलीच्या जुन्या प्रकारालाही मर्यादा आहे. ‘एक्सएलएस’ प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात. नव्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद काही दिवस दैनंदिन आकडेवारीत आली नव्हती, ती याच जुन्या प्रकारातील ओळी संपल्यामुळे. त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध तेवढा लांबला. जिल्ह्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करणाऱ्यांनी जुळणीनंतर एकूण ओळी मोजून पाहाव्यात.

प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि हरवलेली फाइल

प्रिंटर चालू असूनही कागद येत नसेल, तर बहुधा आधीचे एखादे काम रांगेत अडकलेले असते. रांग उघडून ते रद्द करावे. तरीही न जमल्यास विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ विभागात ‘प्रिंट स्पूलर’ शोधून ‘रीस्टार्ट’ द्यावे. पुन्हा पुन्हा छपाईची आज्ञा देऊ नये. प्रिंटर जागा झाला की त्याच परिपत्रकाच्या वीस प्रती निघतात.

पेनड्राइव्हमधील फोल्डर अचानक ‘शॉर्टकट’ झालेले दिसले, तर त्यावर टिचकी मारू नये. हे विषाणूचे लक्षण आहे. बहुतेक वेळा मूळ फोल्डर तेथेच, पण लपवलेले असतात. आधी अद्ययावत विषाणूरोधकाने पेनड्राइव्ह तपासावा, मग लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करून त्या उतरवून घ्याव्यात.

चुकून पुसलेली फाइल प्रथम रिसायकल बिनमध्ये पाहावी. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा तेथे जात नाही. तरी ती लगेच नष्ट झालेली नसते. तिची जागा केवळ ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. त्यावर नवे काही साठवले की जुने पुसले जाते. म्हणून त्या क्षणापासून तो पेनड्राइव्ह वापरणे थांबवावे आणि जाणकाराकडे द्यावा.

वीज गेल्याने न साठवलेली एक्सेल फाइल बंद पडली असेल, तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज वर्कबुक’ या मार्गाने तिची अलीकडची प्रत मिळू शकते. एक्सेल मुळात दर १० मिनिटांनी अशी प्रत ठेवते. वीज वारंवार जाते तेथे ही वेळ ३ मिनिटे करावी.

फसवणुकीचा प्रादुर्भाव

पडद्यावर अचानक ‘आपल्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा भोंगा वाजू लागला, तर फोन करू नये. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून संगणक दुरून चालवू देणारे ॲप घेऊ नये. सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नये आणि गटांत पुढे पाठवू नये. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हेही लक्षात घेऊन कार्यालयातील जुन्या संगणकांची यादी करावी.

बियाणे राखून ठेवावे तशी प्रत

जुने शेतकरी पुढील हंगामाचे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नसत. नोंदींसाठीही हाच न्याय आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. उदाहरणार्थ, एक संगणकात, एक कायम जोडून न ठेवलेल्या बाह्य डिस्कवर आणि एक विश्वासाच्या ऑनलाइन साठ्यात. दर शुक्रवारी प्रत काढावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडूनही पाहावी, कारण उगवणक्षमता न तपासलेल्या बियाण्यावर भिस्त ठेवता येत नाही. हंगाम संपून आकडे पडताळले जाईपर्यंत कागदी प्रपत्रे रद्दीत देऊ नयेत.

संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. तारीख, लक्षण, दिसलेला संदेश, केलेला उपाय, परिणाम असे पाच रकाने पुरेत. सहा महिन्यांनी ती चाळली की नेमकी कोणती अडचण पुन्हा पुन्हा येते हे कळेल, आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्यालाही अंदाजाने फॉरमॅट करण्याचे कारण उरणार नाही. तो येण्यापूर्वी वहीत एक ओळ ठळक लिहून ठेवावी : ‘आधी प्रत, मग दुरुस्ती.’